डबल बेल

गाडीत अठ्ठेचाळीस माणसं होती. चव्वेचाळीस बसलेली, चार उभी. मांडीवरची दोन लेकरं वेगळी, पण त्यांना तिकीट लागत नाही, म्हणून तानुबाईनं ती धरली नाहीत. कंडक्टर राजेश्रीही मागून पुढं मोजत आली आणि अठ्ठेचाळीसवर थांबली. मग तिकिटाची मशीन काखेला अडकवून ती देवगाव फाट्यावर चहाला उतरली.

ड्रायव्हर जागेवरच बसून होता. गाडी सेल्फ घेत नव्हती. बंद केली असती तर सगळ्यांना उतरून धक्का द्यावा लागला असता. इंजिन धडधडत होतं, खिडक्यांच्या काचा खडखडत होत्या, आणि तानुबाईचा पाय दुपारपासून एका जागी राहत नव्हता.

परभणीला पिक्चर बघून ती घरी निघाली होती. पिक्चरात तिची मोठी बहीण होती, कडूबाई. पोराकडं कॅनडाला गेलेली आणि तिथंच राहिलेली. तिथल्या पोरींनी तिथल्याच पाच म्हाताऱ्या धरून हा हसायचा पिक्चर काढला होता. देश सोडून आलेल्या पाच बायका आणि प्रत्येकीची एकेक राहून गेलेली हौस. कडूबाईची हौस एसटीची कंडक्टर व्हायची.

शेजारी सून बबिता अजून हसत होती. "आत्या, कडूमावशी पेपर फाडून गोऱ्यांना तिकिटं वाटायलत्या, तवा तर मी मेलेच बाई! अन् त्या लंब्याला म्हणल्या, सुट्टे न्हाईत तर उतर खाली!"

"बघितलं की म्या."

"मग हसल्या का न्हाईत? सगळं थेटर हसायलतं."

तानुबाईनं पदर खोचला, पुन्हा सोडला. लहानपणी शेळ्यांच्या वाड्यात दोरी बांधली होती ती तिनं. दोरीला बोकडाच्या गळ्यातली घंटी. तानू कंडक्टर आणि कडू पाशिंजर. तेही खिडकीच्या जागेसाठी भांडणारी पाशिंजर.

बबिताचा फोन वाजला. पडद्यावर कडूबाई, डोक्याला लोकरीची टोपी, मागं तिकडचं सकाळचं ऊन.

"काय गं तानू, बघितला का पिक्चर? कशी दिसले मी?"

"आक्का, कंडक्टर मी होते."

पलीकडं टोपी कानावरून वर सरकली. मग कडूबाई हसली. "अगं बया, तुझ्या ध्यानात हाय व्हय अजून? त्या पोरी इचारायलत्या, आज्जी तुमची हौस काय. मला काय सुचंना. मग तुझीच सांगितली. तू कवा काय करणार होतीस? साठी उलटली की तुझी."

तानुबाईचा पाय पुढच्या सीटच्या पत्र्यावर टकटक वाजायला लागला. पुढचा माणूस वळून बघून गेला.

"अन् ते तरी कुठं खरं हाय," कडूबाईचा आवाज उतरला. "हितल्या गाडीला दोरी हाय गं, पण नुसती थांबवायची. वढली की गाडी थांबती. निघायची बेलच न्हाई. शूटिंगला रोज दोन-दोनदा वढली म्या. गाडी आपली उभीच."

"हालली न्हाई?"

"न्हाई की. डायवरच्या मनावर चालती ती."

रेंज गेली. लोकरीची टोपी पडद्यावर तशीच थिजून राहिली.

तानुबाईनं वर पाहिलं. मागच्या दारापासून केबिनपर्यंत दोरी गेली होती. मध्ये दोन ठिकाणी गाठ मारलेली, हातांच्या मळानं काळी पडलेली. आजवर ती या दोरीखालून कितीदा तरी चढली-उतरली होती. हात कधी लावला नव्हता.

"आत्या, कुठं उठल्या? गाव लांब हाय अजून."

तानुबाईनं सीटचा दांडा धरला. टाचा उचलल्या.

टण. टण.

ड्रायव्हरनं मागं पाहिलंही नाही. गिअर पडला, गाडीनं हिसका घेतला, उभ्या चौघांतल्या तिघांनी एकमेकांना धरलं. तानुबाईला आधी वाटलं, आपल्यालाच भोवळ आली. मग चहाची टपरी मागं सरकली. रसवंती मागं सरकली. खिडकीतून विजेचा एक खांब गेला, मग दुसरा.

"आत्या! काय केलं वो हे!"

"आरं, कंडक्टर राहिली खाली!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि अख्खी गाडी ओरडायला लागली. इंजिनाच्या आवाजात केबिनमध्ये काही पोचत नव्हतं. "ओ मावशी, मारा की आता एक! मारा!"

तानुबाईच्या मुठीत दोरी होती. ती खिडकीबाहेर बघत होती. आणखी एक खांब गेला. आणखी एक.

मग तिनं एक मारली. गाडी करकचून थांबली.

राजेश्री पळत आली. मशीन हातात, केस सुटलेले, खाकी शर्टावर चहा सांडलेला. पायरीवरच तिनं विचारलं, "कुणी मारली बेल?"

सत्तेचाळीस माणसांनी तानुबाईकडं पाहिलं.

"मी. जायला दोन मारल्या. थांबायला एक."

"मावशी, नोकरी जाईल माझी! दोरीला हात लावायचा न्हाई कुणी!" राजेश्रीला दम लागला होता. "बसा खाली."

तानुबाई बसली. बबिताच्या हातातला फोन पुन्हा बोलायला लागला होता. "तानू? अगं तानू, कुठं गेलतीस? काय गोंधळ चाललाय तिथं?"

"हालली, आक्का," तानुबाई म्हणाली.

"काय हाललं?"

तानुबाईनं मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. टपरीपासून गाडीपर्यंत विजेचे सहा खांब होते.