कडक मालक

मैत्रीण चष्म्याच्या दुकानात शिरली तेव्हा ती आपल्या टेबलापाशी बसून गरम केलेल्या फ्रेममध्ये काच बसवत होती. काच अर्धी आत, अर्धी बाहेर. अशा वेळी हात सोडता येत नाही. तिने नुसती मान वर केली. मैत्रीण तिच्याकडे आलीच नाही. सरळ गल्ल्याकडे गेली.

“तुम्हीच मालक ना?”

मालकांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. सत्तरीला टेकलेला माणूस. सकाळपासून दुकानाची पायरी चढलेलं हे दुसरंच गिऱ्हाईक, म्हणून ते उठूनच उभे राहिले. “या, बसा. नंबर तपासायचाय?”

“माझे डोळे ठणठणीत आहेत. मी हिची मैत्रीण, पहिलीपासूनची. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. त्याआधी आम्ही सहा जणी तीन दिवस तळ्याकाठच्या हॉटेलात राहणार आहोत. पाच जणींचं नक्की झालं. ही येत नाही म्हणते. का, तर तुम्ही रजा देत नाही.”

मालकांनी वळून टेबलापाशी तिच्याकडे पाहिलं. तिने काचेकडे. रजेचा विषय तिने त्यांच्याजवळ काढलाच नव्हता. आता ते ‘कसली रजा?’ एवढं जरी म्हणाले असते, तरी सगळं उघडं पडलं असतं. फ्रेमच्या धगीने तिची बोटं पोळत होती.

मालकांनी घसा खाकरला. “तीन दिवस फार होतात हो,” ते म्हणाले.

“मग पगार कापा. कापाल तेवढे मी भरून देते तिला.”

“पगाराचं नाही. माझ्याकडे माणूस ही एकटीच. कामं अडतात.”

मैत्रिणीने रिकाम्या दुकानावरून एक नजर फिरवली. दोन खुर्च्या, दोन्ही मोकळ्या. भिंतीवर फ्रेमच्या रांगा, वरच्या रांगेवर धूळ. “कुठाय काम? मला तरी दिसत नाही. तुमचं हे नेहमीचंच आहे. माझ्या तिसाव्या वाढदिवसाला ही आली नाही, का तर तुम्ही रविवारी माल मोजायला बसवलंत. आम्ही नाटकाची तिकिटं काढली, तर ऐन संध्याकाळी हिला थांबवून घेतलंत. अहो, वर्षभर हिची दाढ ठणकतेय. पण डॉक्टरकडे जायला तुम्ही दुपारचं तासभरही सोडत नाही!”

मालक एकेक ऐकून घेत होते. यातलं काहीच त्यांनी केलेलं नव्हतं. मध्ये फक्त एकदा, दाढेचं निघालं तेव्हा, त्यांनी वळून तिच्या गालाकडे पाहिलं.

“काम असलं की थांबावं लागतं माणसाला,” शेवटी ते म्हणाले.

“कसल्या मातीचे आहात हो तुम्ही?” मैत्रिणीचा आवाज चढला. तिने पर्समधून एक जाड, देखणं पाकीट काढलं होतं, वर मालकांचं नाव घातलेलं. “लग्नाचं बोलावणं द्यायचं म्हणून आणलं होतं. राहू दे.” तिने ते पुन्हा पर्समध्ये कोंबलं.

मग ती टेबलापाशी आली. तिचे डोळे भरून आले होते. “बुटके, सोड ही नोकरी. हा म्हातारा पिळून काढेल तुला.” तिने आवाज खाली आणला होता, पण एवढ्याशा दुकानात तो कुठे लपणार? “आणि तुझ्याशिवाय मी तिथे काय करू गं?”

“चिंगे, अगं ऐक ना…”

“काही बोलू नकोस. यांच्यासमोर तुला बोलता येत नाही. कळतं मला.”

तिच्या खांद्यावर हात दाबून मैत्रीण निघून गेली. काचेचं दार मागे-पुढे हलत राहिलं आणि थांबलं.

काच केव्हाचीच बसली होती. तरी ती फडक्याने पुसत राहिली.

“वाढदिवस, नाटक, दाढ,” मालक म्हणाले. “अजून काय काय केलंय मी? सांगून तरी ठेव. पुढच्या वेळी माझी तारांबळ नको.”

सूर चेष्टेचा होता, पण ते हसले नव्हते.

“चुकलं माझं, काका.”

“चुकलं काय! रजा मागायचीस तरी. मी नाही म्हटलं असतं?”

“नसतं म्हटलंत. म्हणून तर मागितली नाही.”

“म्हणजे?”

तिने चष्मा घडी करून डबीत ठेवला. डबीचं झाकण लावलं. “माणशी नऊ हजार आहेत, काका. कपडे वेगळे. सगळ्यांनी एकसारखे शिवायचे आहेत.”

मालकांची नजर गल्ल्याकडे गेली. दर महिन्याच्या एक तारखेला ते स्वतः तिच्या हातात पगार ठेवत. चार वर्षं तेवढाच. तिने कधी वाढवून मागितला नव्हता, आणि त्यांनीही तो विषय कधी निघू दिला नव्हता.

ते खुर्चीत बसले. वर्तमानपत्र उचललं, पण उघडलं नाही.

“मग तुझी मैत्रीण बोलली त्यात,” ते म्हणाले, “फारसं खोटं काही नव्हतं.”

‘नाही हो काका,’ असं तिने चटकन म्हणायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही. मग मिटलं.