परसातला अग्नी

त्र्यंबकशास्त्र्यांनी अग्निमंथनाच्या दोन्ही अरणी ज्वाळेवर शेकल्या, मंत्र पुरा केला आणि ती पिंपळाची लाकडे छातीशी धरून ते उठले. उभे आयुष्य ज्या अग्नीला त्यांनी सांजसकाळ आहुती दिली, तो आता त्या लाकडांत होता. कुंडातल्या उरल्यासुरल्या निखाऱ्यांवर राख धरू लागली.

दारात सुमतीबाई उभ्या होत्या. "विझला म्हणायचा का हो?"

"विझला कसा? लाकडात निजला आहे. प्रवासाला निघालेला अग्निहोत्री अग्नी असाच बरोबर नेतो आणि मुक्कामी मंथन करून जागवतो."

"आणि आपला मुक्काम स्वयंपाकघरापलीकडे, परसात," सुमतीबाई म्हणाल्या. "वाटेत खायला दशम्या बांधून देऊ का?"

पंचवटीतल्या त्या घरात अग्नीची खोली आतल्या अंगाला होती. वारा लागू नये म्हणून तिला खिडकी ठेवलेली नव्हती. त्या खोलीत आयुष्य घालवलेले शास्त्रीबुवांचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले, आणि गेल्या चैत्रात थोरले बंधूही त्याच वाटेने गेले. दोघांनीही तंबाखूला कधी बोट लावले नव्हते. बंधूंची मुलगी सृष्टी फुफ्फुसांची डॉक्टर. तिने घरातल्या सगळ्यांच्या रक्ताची तपासणी करवून घेतली. जो दोष तिच्या रक्तात निघाला, तोच शास्त्रीबुवांच्या मुलाच्या, रुद्रच्याही रक्तात निघाला.

"हा दोष आहे म्हणून रोग होईलच असं नाही, काका," तिने सांगितले होते. "पण इतरांना जो धूर कदाचित सोसेल, तो आम्हाला सोसणार नाही. रक्तातलं मला काढता येत नाही. धूर तुम्हाला काढता येतो."

रुद्रने अग्नीपासून दूर बसायला साफ नकार दिला. पुढे हे व्रत त्यालाच घ्यायचे होते. मग शास्त्रीबुवांनी परसात चार खांबांवर उंच छप्पर घातले, चारी बाजू मोकळ्या ठेवल्या आणि मातीचे नवे कुंड घडवले. निखारे उचलून तिथे नेणे त्यांच्या आचारात बसत नव्हते. सूर्यास्ताच्या आहुतीपूर्वी अग्नी लाकडांतूनच प्रकटायला हवा होता. न प्रकटला तर व्रत खंडित होणार होते.

श्रावणातली दमट दुपार कलत होती. खालची अरणी जमिनीवर ठेवून शास्त्रीबुवांनी तिच्या खळग्यात वरच्या अरणीची रवी उभी केली आणि वरून दाबून धरली. रुद्र आणि सुमतीबाई समोरासमोर बसून दोरी ओढू लागले. रवी घुमू लागली, लाकूड काळे पडले, बारीक धुराची रेघ उठली आणि विरून गेली. पुन्हा उठली, पुन्हा विरली. सुमतीबाईंचे दंड भरून आले. रुद्रच्या तळव्यांची कातडी सोलवटली.

"बाबा, लाकडाला ओल धरली आहे."

"ओढ."

ऊन कुंपणाच्या भिंतीवर चढले. सुमतीबाईंच्या हातून दोरी निसटली आणि त्या धापा टाकत मागे टेकल्या. सृष्टी मघापासून पायरीवर बसून पाहत होती.

शास्त्रीबुवांनी मान वळवली. "सृष्टी, पाय धुऊन ये. दोरी धर."

सुमतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. सृष्टी जागची हलली नाही. "काका, माझं लग्न झालं आहे. मी आता तुमच्या गोत्रातली नाही."

"गोत्राने सोडलं असेल. तुझ्या त्या तपासणीने सोडलं का?"

शास्त्रीबुवांनी दोरीचे मोकळे टोक तिच्या दिशेने सरकवले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "दादाचं दुखणं तुझ्या वाट्याला आलं, तेव्हा कोणी गोत्र विचारलं नाही. मग तो ओढायचा ती दोरी हाती घेताना कशाला विचारायचं? ये बाळ, ऊन उतरतं आहे."

सृष्टीने पाय धुतले, ओढणी कमरेला खोचली आणि दोरीचे टोक मुठीत गुंडाळले.

"एकदम हिसका देऊ नकोस," रुद्र म्हणाला. "मी सोडली की तू ओढ."

"लहानपणी झोपाळ्याला झोका देताना तूच हिसके देत होतास."

दोरी लयीत आली. एक ओढी, दुसरा सोडी. दुसरा ओढी, पहिला सोडी. रवीचा आवाज बदलला, खर्जात उतरला. शास्त्रीबुवांच्या तळव्यांना लाकडातून चढणारी ऊब जाणवली. खळग्याच्या कडेला काळा भुगा साचला, त्यातून धुराची रेघ उठली. या वेळी ती विरली नाही.

"थांबा."

भुग्यात मोहरीएवढा लाल ठिपका होता. शास्त्रीबुवांनी तो नारळाच्या काथ्यावर घेतला आणि ओंजळ वाऱ्याकडे धरली. नदीकडून आलेल्या झुळुकीने तो ठिपका फुलला, काथ्या तडतडला आणि त्यांच्या दोन्ही हातांत ज्वाळा उभी राहिली.

रुद्रने सोललेले हात जोडले. सृष्टी रडत होती आणि रडता रडता काकूच्या गळ्यात पडली होती.

अग्नी नव्या कुंडात स्थिरावला. सूर्य मावळताच शास्त्रीबुवांनी दुधाची आहुती दिली. धूर सरळ छपरापर्यंत गेला, तिथे वाऱ्याने त्याला हाताला धरले आणि शेवग्याच्या शेंड्यावरून दूर नेले. रुद्र नेहमीच्या जागी, वडिलांच्या उजव्या हाताला बसला होता. त्याचा श्वास संथ चालला होता.

कुंडापलीकडे बसलेल्या सुमतीबाईंच्या हातात पदराचे टोक धुराने वाहणारे डोळे टिपायच्या सवयीने वर आले होते. पण पुसण्याजोगे काही नव्हते. डोळे कोरडे होते आणि उघडे होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "आहुती देताना तुम्ही हसता, हे मला आजच कळलं."