काळा पडलेला कडबा

निजामाच्या अमलातलं दिंद्रुड. शहजादीला दूध उतरलंच नव्हतं. तिचं तान्हं शेजारच्या केसरबाईच्या गाईच्या दुधावर वाढत होतं. अवकाळी पावसानं केसरबाईची कडब्याची गंजी आतून काळी पडली. तो कडबा खाऊन गाय मलूल झाली. केसरबाईनं सगळी गंजी जाळून टाकली आणि काढलेलं दूध उकिरड्यावर ओतलं.

शहजादी रिकामी चरवी घेऊन आली. "आक्का, आज दूध कावून न्हाई?"

"गाईनं बुरशीचा कडबा खाल्लाय. तसलं दूध लेकराला कसं देऊ? आता चांगला चारा कुठून आणू, तेच कळंना."

शहजादी रिकामी चरवी घेऊन परतली. दुपारी ती डोक्यावर वाळल्या कडब्याचा भारा घेऊन आली.

"कुठून आणलास गं?"

"घराच्या छपराचा हाय, आक्का. पावसाळ्याला अजून लई दिस हायेत."