चहाच्या पेल्याशेजारचं घड्याळ

पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा अण्णा आवटींनी सगळ्यात आधी बिस्किटांचा डबा माडीवर आणला. त्यात त्यांची जुनी सोव्हिएत घड्याळं होती. ऑनलाइन, स्वस्तात जमवलेली, बहुतेक सगळी युक्रेनमधल्या खारकीव्हच्या मिकोलाकडून.

मिकोलाची एक रीत होती. घड्याळ धाडण्याआधी तो त्याला चावी द्यायचा, आपल्या चहाच्या पेल्याशेजारी ठेवायचा आणि फोटो पाठवायचा. या वेळी मागवलेल्या घड्याळाचा फोटो आलाच नव्हता. त्यातच टीव्हीवर खारकीव्हमधली हल्ल्यात कोसळलेली इमारत दिसली, आणि पाठोपाठ पुरानं सांगलीतली मोबाईलची रेंज घालवली. निरोप जात नव्हते, तरी अण्णा पुन्हा पुन्हा लिहीत होते, ‘बरा आहेस ना?’

“खाली फ्रिज तरंगतोय आणि तुमचा जीव त्या घड्याळात अडकलाय,” बायको म्हणाली.

“घड्याळात नाही गं,” म्हणत अण्णांनी हातातल्या घड्याळाला पुन्हा चावी दिली. ती आधीच भरलेली होती.

पाणी उतरलं. चिखल उपसताना रेंज आली आणि अण्णांच्या खिशातला मोबाईल थरथरत सुटला. सगळे मिकोलाचेच निरोप होते, एकाखाली एक. अण्णा पायरीवर बसले.

“काय म्हणतोय? पाठवलं का घड्याळ?” बायकोनं खराटा थांबवून विचारलं.

अण्णांनी चष्मा पुसला आणि पहिला निरोप वाचला. “पार्सलवर लिहितो ते तुझं गाव बातम्यांत पाण्याखाली दिसलं. बरा आहेस ना?”