उलटं चित्र

निरंजन व्हिडिओ गेमच्या टेबलाखालून बाहेर आला आणि गुडघे झटकत म्हणाला, "बघा अप्पा, नवा अडॅप्टर टाकलाय."

आईच्या तेराव्यानंतर कोल्ड्रिंकचं दुकान आज पहिल्यांदा उघडलं होतं. गिऱ्हाइकांसाठी घेतलेलं हे जुनं टेबल: वर काच, काचेखाली पडदा आणि समोरासमोर दोन खुर्च्या. अप्पा आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले आणि सुरू करायच्या दोन बटणांपैकी सवयीचं बटण दाबून खेळू लागले. चित्र आता थरथरत नव्हतं. पण अप्पांचं विमान पडलं आणि सगळं चित्र गर्रकन उलटं झालं.

"छे! परत तेच," निरंजन करवादला. "लहानपणी मी तासन्‌तास खेळायचो, एकदाही असं झालं नाही. पडदाच गेलाय. काढून टाकू."

"अरे, बिघडलंय कुठं?" अप्पा म्हणाले. "तू एकटा खेळायचास. दुपारी दुकान रिकामं झालं की आम्ही दोघं बसायचो. माझा डाव संपला की चित्र तिच्याकडे वळतं."

निरंजन टेबलाला वळसा घालून आईच्या खुर्चीमागे गेला. तिथून चित्र अगदी सुलट दिसत होतं. तिचं विमान जागच्या जागी उभं होतं आणि वरून गोळ्या बरसत होत्या.

"मग अप्पा, एकट्याचं बटण दाबायचं ना," तो हळूच म्हणाला.

अप्पांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. बराच वेळ ते बटणांवरून बोट फिरवत राहिले.

"एकट्याचं कुठलं रे?"