फुलाफुलांची चादर

पथनाट्यात मेलेल्या पोराचं काम हर्षलकडे होतं. दारू पिऊन गाडी चालवू नका, असं सांगत अकरावीची पोरं चौकाचौकांत फिरणार होती. त्यानं घरी पांढरी चादर मागितली, तशा त्याच्या आई, रंजनाताई, खेकसल्या, "असलं सोंग करायचं असेल तर ही फुलाफुलांची सोलापुरी ने. पांढरी मिळायची नाही!"

लोक त्या चादरीला हसायचे. नाटक संपलं की हर्षल टुणकन उठून गर्दीतल्या आईला वेडावून दाखवायचा.

मग एका वाढदिवशी, प्यायलेल्या मित्राला एकटं कसं सोडायचं म्हणून तो त्याच्याच गाडीवर मागे बसला. दोघंही घरी पोचले नाहीत. दवाखान्यातली चादर पांढरी होती. "ऊठ रे, संपलं नाटक," रंजनाताई म्हणत राहिल्या.

वर्षभरानं एसटी स्टँडवर तेच नाटक झालं. त्याच फुलाफुलांच्या चादरीखालून दुसराच मुलगा उठला आणि रंजनाताईंना समोर बघून गडबडला. घाईघाईनं घडी करून त्यानं चादर पुढे धरली. "काकू, ही तुमची."

त्यांनी तिच्यावरची धूळ झटकली आणि ती परत त्याच्याच हातात दिली.

"तुमच्याकडंच राहू दे बाबा. हिच्याखालनं पोरं उठतात."