काटा
चित्रकार आजोबांच्या गाजलेल्या चित्रातल्या तरुणीच्या उघड्या खांद्यांवर काटा आलेला आहे. जाणकार म्हणतात, तो प्रेमाचा. आजोबांवरच्या माझ्या सिनेमात तस्साच काटा हवा होता, म्हणून भर हिवाळ्यात मी सेटवरचे हीटर बंद करायला लावले. सातव्या टेकला नायिकेचे दात वाजायला लागले. “हलू नकोस, सुंदर दिसतेयस!” मी मॉनिटरमागून ओरडलो. त्या चित्रातल्या बाई, आता ऐंशीच्या, माझ्या शेजारीच बसल्या होत्या. शूटिंग बघायला मीच हौसेनं बोलावलं होतं. त्या उठल्या, चालू कॅमेऱ्यासमोर गेल्या आणि स्वतःची शाल नायिकेच्या खांद्यांवर पांघरली. “मलाही थंडीच वाजत होती, बाळा. शाल मागितली तर याचे आजोबा अगदी हेच म्हणाले होते.” मॉनिटरमधून मान वर काढायची मला लाज वाटत होती. तरी ‘कट’ म्हणालो नाही. शॉट फार सुंदर येत होता.